वाड्याबद्दल आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

रविवारी वाड्यात झाडू मारता मारता तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. वाई-सातारा भागातल्या एका दोन चौकी वाड्याची देखभाल आमचं छोटंसं इतिहास मंडळ करतं. वाड्याच्या मालक घराण्याने सांगितलंय नाव-गाव नेटवर टाकू नका, त्यामुळे ते इथे मिळणार नाही. पण प्रश्न सगळ्याच वाड्यांना लागू पडतील असे आहेत.

वाडा नक्की कुणाचा? सरकारचा, मंडळाचा की अजून त्या घराण्याचाच?

घराण्याचाच. मंडळाच्या नावावर एक वीटही नाही. आम्ही फक्त सांभाळतो, आणि तेही लेखी करार करून. करार एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा असेल तर तो रजिस्टर करावाच लागतो, "आपलेच लोक आहेत, कशाला कागद" असं म्हणून चालत नाही. लोकांचा गोंधळ होतो कारण प्रत्येक वाड्याची तऱ्हा वेगळी असते. पुण्यात गंज पेठेतला महात्मा फुले वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे, विश्रामबाग वाडा महापालिकेकडे आहे, आणि केसरीवाडा म्हणजे मूळचा गायकवाड वाडा, तो टिळकांनी १९०५ मध्ये सयाजीराव गायकवाडांकडून विकत घेतला आणि आज ट्रस्टकडे आहे. एकाच शहरातले तीन वाडे आणि तिघांचे धनी निराळे! आमचा चौथा प्रकार, मालक घरचे आणि झाडूवाले आम्ही.

मंडळ म्हणजे काय? गणपतीचं मंडळ का?

नाही हो. अर्थात वर्गणी मागायला आलो की आमच्याकडेही त्याच नजरेने बघतात. इतिहास मंडळ ही मराठीत जुनीच भानगड आहे, इतिहासकार वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते ७ जुलै १९१० ला, आणि राजवाडे धुळ्यात वारले त्यानंतर तिथे त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं. आम्ही त्यांच्या पासंगालाही पुरत नाही, आमच्यात दोन रिटायर्ड मास्तर, एक सुतार, बँकेतल्या एक मॅडम आणि माझ्यासारखी नोकरी सांभाळून येणारी मंडळी आहेत. संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलीय (त्याला निदान सात माणसं लागतात, आम्हाला सातवा शोधायला चार महिने लागले) आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही. दरवर्षी ऑडिट करावं लागतं आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. हे कंटाळवाणं काम करणारा माणूस मंडळात हवाच, भाषणं करणारे आपोआप मिळतात.

वाडा शिवकालीन आहे ना?

हा प्रश्न नसतो, अपेक्षा असते. उत्तर "नाही" आलं की चेहरा पडतो. आज उभे असलेले बहुतेक वाडे पेशवाईच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे, इंग्रजी आमदानीत बांधलेले असतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

वय ठरवायचं म्हणजे एक तारीख सापडली आणि झालं असं नसतं. वाडा एकदा बांधला आणि संपला असं कधीच होत नाही, पुढचा चौक आजोबांनी, मागची पडवी पणजोबांच्या भावाने, मधली भिंत वाटणी झाल्यावर. म्हणून आम्ही तुकड्या-तुकड्याने बघतो. दगडी जोतं, त्यावर तळखड्यात (खांबाखालच्या दगडी बैठकीत) बसवलेले सागवानी सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब, वर तुळया आणि कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत), ही जुनी चौकट. पण छपरावर मंगलोरी कौलं दिसली तर निदान ते छप्पर १८६५ च्या आधीचं नाही हे नक्की, कारण बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तोच त्या साली. आमच्याकडे एक काका ठामपणे सांगायचे की कौलंसुद्धा नानासाहेब पेशव्यांच्या वेळची आहेत. कौल उलटं करून खालचा छाप दाखवला तेव्हा म्हणाले, "मग कौलांवर कुणी नंतर छापलं असेल."

कागद असतील तर काम सोपं होतं, पण कालगणना माहीत हवी. शके असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. फसली (जुनं महसुली वर्ष) असेल तर ५९० किंवा ५९१. पेशवाईतल्या कागदांत मात्र बऱ्याचदा शुहूर सन असतो आणि तो आकड्यात नाही तर अरबी शब्दांत लिहिलेला असतो, "इहिदे सितैन मया व अलफ" असं. उलटीकडून वाचायचं नाही, आहे तसंच बेरीज करत जायचं: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०, आणि हे वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून पुढच्या जानेवारीत ६०० मिळवायचे, म्हणजे १७६१. पानिपताचं साल! पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

सिमेंट लावून एकदाच पक्का का करून टाकत नाही?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त नुकसान याच विचाराने झालंय.

जुन्या भिंतीला श्वास लागतो असं आमचे गवंडी म्हणतात ते अगदी बरोबर आहे. दगड, भाजकी वीट, माती आणि चुना यांतून जमिनीतली ओल वर चढते आणि तशीच हवेत उडून जाते. बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला की ती ओल आत कोंडते, मग ती वाट काढत लाकडाच्या टोकाकडे जाते, म्हणजे तुळई जिथे भिंतीत घुसते नेमकं तिथे. बाहेरून भिंत एकदम गुळगुळीत आणि आत तुळईचं तोंड भुसा झालेलं. वर क्षार भिंतीत साठून लोणा लागतो, वीट पापुद्र्यासारखी सुटते आणि सिमेंटचा थर विटेचं तोंड घेऊनच खाली पडतो. सिमेंट विटेपेक्षा कडक असतं, त्यामुळे भिंत जरा हलली की चीर सांध्याला जायच्या ऐवजी विटेला जाते.

आमच्या वाड्याच्या मागच्या सोप्यात वीसेक वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने असंच "पक्कं" काम केलं होतं, चांगल्या मनानेच केलं असेल. ते सगळं छिन्नी-हातोडीने हळूहळू काढायला आम्हाला दोन उन्हाळे गेले.

चुन्याचं काम सावकाश चालतं. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, मुरू द्यायची आणि मग वाळू किंवा सुरखी (विटेची पूड) घालून मळायची. पूर्वी हे बैलाने ओढायच्या घाण्यात व्हायचं, दगडी चाक गोल खड्ड्यात फिरायचं, अजून काही गावांच्या बाहेर ते चाक पडलेलं दिसतं आणि लोक त्याला शेंदूर लावून मोकळे होतात. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायची पद्धत होती, तागाचे तुकडेही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड होतो, त्याला महिने लागतात. म्हणून "दिवाळीच्या आत काम उरकून द्या" म्हणणाऱ्यांशी आमचं जमत नाही.

एवढा पैसा जातो कशात?

पाण्यात. विनोद नाही, खरंच पाण्याच्या मागे जातो. वाडा भूकंपाने, आगीने पडल्याच्या गोष्टी लोक सांगतात, आणि पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्यावर नदीकाठचे कितीतरी वाडे गेले हे खरंय, पण बहुतेक वाडे एका फुटक्या कौलाने पडतात. जूनमध्ये कौल सरकतं, कुणी वर चढत नाही, पाणी कडीपाटावरच्या पांढऱ्या मातीत मुरतं, माती जड होते, कडी वाकते, चार पावसाळ्यांत मजला खाली. आणि मग पेपरात बातमी येते "ऐतिहासिक वाडा कोसळला", जणू काय एका रात्रीत कोसळला.

त्यामुळे आमचा वर्षाचा पहिला खर्च कौलं परतवणं, दुसरा पन्हळी साफ करणं, तिसरा वळचणीचं पाणी जोत्यापासून लांब नेणं. हे तिन्ही फोटोत दिसत नाहीत, म्हणून यांना देणगी मिळत नाही. देणगीदार विचारतो "झुंबराला किती लागतील?", आम्ही म्हणतो झुंबर नको, पन्हळीचा पत्रा द्या. एकाने दिलासुद्धा आणि पत्र्यावर नाव घाला म्हणाला! घातलं. पाखरांना दिसतं.

वाळवीचाही खर्च आहे पण ती ओलीच्याच मागे येते, ओल गेली की निम्मं काम झालं. लाकडाला चकचकीत व्हार्निश आम्ही मारत नाही, जवसाचं तेल लावतो. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल लावतात, तेही उत्तम, फक्त काळं पडतं.

तळघरातून किल्ल्यापर्यंत भुयार आहे म्हणे?

नाही. ते बळद आहे. धान्य ठेवायचे.

तरी पण, खजिना?

धान्य हो, धान्य.

आमच्या घरात माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं सापडलंय. काय करू?

आधी काही करू नका. हे मी कळकळीने लिहितोय. उन्हात वाळवू नका, सेलोटेप लावू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात नाही, लॅमिनेट केलेला कागद परत मोकळा करणं म्हणजे कातडी सोलण्यासारखं आहे. हात धुऊन कोरडे करा, कागद जसे ज्या क्रमाने आहेत तसेच राहू द्या, कारण कुठला कागद कुठल्या रुमालात होता ही पण माहितीच असते. (रुमाल म्हणजे दप्तर बांधायचं कापड, नाक पुसायचा नाही, मागे एकाने खरंच विचारलं होतं.) सुती कापडात सैल बांधा, कपाटात वेखंडाच्या कांड्या ठेवा आणि जमेल तसे सरळ उजेडात मोबाईलने फोटो काढा, कागदाच्या शेजारी पट्टी ठेवून.

"त्यात काही महत्त्वाचं नाही, नुसते हिशेब आहेत" असं कृपा करून ठरवून टाकू नका. राजवाड्यांनी १८९८ मध्ये "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" चा पहिला खंड काढला, पानिपताच्या आसपासची पत्रं त्यात आहेत, आणि ती वाईत एका घरातल्या दप्तरातून मिळाली होती. घरातल्याच कुणी त्याआधी बंब पेटवायला वापरली असती तर? कित्येक घरांत तेच झालंय. आणि हिशेबाचं म्हणाल तर आम्हाला वाड्याच्या डागडुजीत सगळ्यात उपयोगी पडला तो एक साधा खर्चाचा कागद, सुताराला किती दिले आणि लाकूड कुठल्या रानातून आणलं एवढंच त्यात आहे. लढाईचं पत्र असतं तर भिंतीला फ्रेम लावली असती, पण तुळई कशी दुरुस्त करायची ते त्यातून कळलं नसतं.

मोडी शिकायची असेल तर शासनाचं पुराभिलेख खातं वर्ग घेतं, बऱ्याच संस्थाही घेतात. अक्षर ओळखायला महिना पुरतो, पण एखाद्या घाईतल्या कारकुनाचं अक्षर लागायला मात्र वर्षं जातात.

आजीच्या जुन्या वस्तू वाड्यात ठेवायला देऊ का?

द्या, पण आधी फोन करा. भेट म्हणून देताय की नुसतं ठेवायला, हे कागदावर लिहून घेतो, नाहीतर दहा वर्षांनी तुमचा मुलगा येऊन पितळी समई मागतो आणि आमच्याकडे अशा सहा समया असतात. वस्तूची गोष्ट वस्तूइतकीच हवी. हा अडकित्ता कुणाचा, कुठून आला, कोण वापरायचं, लिहून द्या दोन ओळी. दिनकर केळकरांनी घरोघरचे दिवे, अडकित्ते, भांडी गोळा करत करत पुण्यात केवढं संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारला देऊन टाकलं, ते बघून या म्हणजे घरगुती वस्तूची किंमत कळेल.

एक कायद्याचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू, आणि महत्त्वाची हस्तलिखितं असतील तर पंचाहत्तर वर्षांवरची, पुरावस्तू धरतात. मूर्ती किंवा चित्रं असतील तर नोंदणीचा विषय येतो. आणि अशी वस्तू बॅगेत घालून परदेशी नेता येत नाही, मुलाला अमेरिकेत दिवाणखान्यात लावायची असली तरी नाही.

सरकारकडून संरक्षित का करून घेत नाही? पैसे मिळतील की.

मिळतील का, हा पहिला प्रश्न. १९६० च्या राज्याच्या कायद्याखाली स्मारक घोषित करता येतं, पण यादी मोठी आणि खात्याकडे माणसं कमी. घोषित झालं की बंधनंही येतात, खिळा ठोकायलाही परवानगी. केंद्र संरक्षित स्मारक असेल तर भोवतीच्या शंभर मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीने, म्हणजे अख्ख्या आळीचा वाड्यावर राग. शहरात असाल तर महापालिकेची हेरिटेज यादी आणि तिची ग्रेड हा वेगळा मार्ग आहे. घरचे अजून तयार नाहीत आणि ते तयार नसताना परस्पर अर्ज करणं आम्हाला पटत नाही. मंडळात यावरून भांडणं झालीत, अजून होतात. माझं मत विचाराल तर वाडा ज्यांचा त्यांनी ठरवावं, फक्त ठरवेपर्यंत छप्पर गळता कामा नये.

आमचाही वाडा आहे, भाऊबंद अठ्ठावीस. तुमचं मंडळ सांभाळायला घेईल का?

आठवड्याला एक तरी असा फोन येतो. आम्ही घेऊ शकत नाही, हात तेवढेच आहेत, पण काय करायचं ते सांगतो.

पहिलं, कागद बघा. वाडा गावठाणात असतो, त्यामुळे सातबारा शोधत बसू नका, ग्रामपंचायतीचा नमुना आठ किंवा सिटी सर्व्हे झाला असेल तर प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर अजून पणजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद. आणि वारसांत आत्या, बहिणी, त्यांची मुलं हेही येतात, मुलींना समान हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे, त्यांना वगळून केलेला करार पुढे कोर्टात आपटतो. सगळ्यांच्या सह्या म्हणजे सगळ्यांच्या. आमच्या वाड्याच्या करारावरची शेवटची सही घ्यायला एक जण रात्रीच्या एसटीने नागपूरला गेला होता आणि तिथे गेल्यावर कळलं की आत्याबाई पुण्यातच आल्यात लेकीकडे.

दुसरं, मालकी द्यायची का नुसती देखभाल, हे नीट ठरवा. बक्षीसपत्राने ट्रस्टला दिलात तर ते रजिस्टर होतं आणि परत फिरत नाही. पण एक बरं असतं, सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, कलम ३६, आणि इमारत तीन वर्षांच्या वर भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. म्हणजे उद्या मंडळातच कुणाच्या डोक्यात टॉवर उभा राहिला तरी अडसर आहे.

तिसरं, भाडेकरू. शंभर रुपये भाड्यावर पिढ्यान् पिढ्या राहणारी बिऱ्हाडं असतात, त्यांना शत्रू समजू नका. आमच्या वाड्याचा पुढचा चौक आज उभा आहे तो तिथल्या बिऱ्हाडाने दर वर्षी स्वतःच्या खर्चाने कौलं परतवली म्हणून. मालकांची बाजू, जी बंद होती, तीच पडली.

वाटणी झाली म्हणजे घर संपलंच असंही नाही. गोव्यात चांदोरला ब्रागांझांचं घर बघा, दोन शाखांनी पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे भाग वाटून घेतले आणि दोन्हीकडे घरचीच माणसं पाहुण्यांना घर दाखवतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट बघायला लोक येतात, वसईहून आणलेली ती मोठी घंटाही तिथेच, आणि आमच्याकडे येणारे निम्मे पाहुणे खरं तर तिकडे जाताना चुकून वळलेले असतात!

मी परदेशात असतो, पैसे पाठवले तर चालतील?

पासपोर्ट कुठला यावर आहे. भारतीय नागरिक असाल आणि तिकडच्या कमाईतून बँकेने पाठवलेत तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरीही, ती परकीय देणगी होते आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरएची (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी लागते. आमच्याकडे नाही. त्यामुळे कृपया पाठवू नका, इथल्या कुणा चुलतभावाच्या खात्यावरून फिरवून तर मुळीच नको, आमची नोंदणी जाईल. त्यापेक्षा घरच्या जुन्या फोटोंचे स्कॅन पाठवा. न्यू जर्सीतल्या एका ताईंनी मुंजीचा फोटो पाठवला, त्यात मागे चौकातला जुना कठडा दिसला आणि तसाच आम्ही परत बसवला.

इथल्यांसाठी: रोख दोन हजाराच्या वर दिलेत तर देणगीवरची आयकराची सूट मिळत नाही, चेक किंवा यूपीआय करा.

प्री-वेडिंग शूट?

नाही. एकदा होकार दिला होता. रंगीत धुराच्या नळकांड्या. अजून एका खांबाला गुलाबी झाक आहे.

आत काय बघायला मिळेल? तिकीट किती?

तिकीट नाही, डबा आहे, वाटलं तर टाका. ओसरी, माजघर, देवघर बाहेरून, आणि वरचा दिवाणखाना एका वेळी दहाच माणसं, कारण कडीपाट म्हातारा आहे. गणेशपट्टीखालून आत येताना वाका, दिंडी दरवाजा मुद्दाम ठेंगणा असतो, सांगूनही रोज एकाचं डोकं आपटतं. चित्र काढायची असतील तर कागद घेऊन बसा हवं तेवढा वेळ. भिंतीवर हात लावू नका, जुन्या चुन्यावरचा रंग बोटाला येतो. शाळेच्या सहली चालतात पण आधी कळवा, मुलांना आम्ही जातं ओढायला देतो आणि मग ती जायचं नावच घेत नाहीत.

मला इतिहासातलं काही कळत नाही, तरी मदत करता येईल?

शिडी चढता येते का? मग या. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी पन्हळी साफ करतो, पावसाळ्याच्या आत व्हायला पाहिजेत. जुने कपडे घाला, सकाळी सातला या, चहा-पोहे आमच्याकडे. शिडी दोनच आहेत, तिसरी शेजारून मागून आणायची असते, आणि ती पायरीच्या जवळ राहणाऱ्या काकूंकडे आहे, त्यांची पूजा आठला सुरू होते, त्याच्या आधी मागावी लागते.